शिवेपल्याडचे गडी

खाशाबा जाधव गेले ते १४ ऑगस्ट १९८४ ला, रस्त्यावरच्या अपघातात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या माणसाने १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि खाशाबा गेले तेव्हा ते एकमेवच होतं. पुढचं यायला १९९६ उजाडावं लागलं.

खाशाबा गेले त्यानंतर महिनाभराने, सप्टेंबरात, काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत सात शेजारी देशांचे खेळाडू एकत्र आले. नेपाळ, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, भूतान आणि मालदीव. पहिल्या दक्षिण आशियाई महासंघ क्रीडा स्पर्धा. पेपरात पुढे कित्येक वर्षं त्यांचं नाव ‘सॅफ स्पर्धा’ असंच यायचं. त्या वेळी खेळ होते पाच: अ‍ॅथलेटिक्स, फुटबॉल, पोहणे, मुष्टियुद्ध आणि वेटलिफ्टिंग. कुस्ती नव्हती.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही कृष्णाकाठी, सातारा-सांगलीच्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला त्या जवळजवळ ठेवून बघाव्याशा वाटतात. खाशाबांच्या वेळी गावच्या मैदानानंतर एकदम ऑलिंपिक होतं. १९४८ ला लंडन, १९५२ ला हेलसिंकी, आणि हेलसिंकी तर लोकांनी वर्गणी काढून आणि शिक्षकांनी पदरमोड करून. परदेशी मल्लाचा हात कसा लागतो, गादीवर तो कसा सरकतो, हे कळायला मध्ये दुसरी जागाच नव्हती. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेतही कुस्ती नव्हती. तेव्हा अशी एखादी शेजाऱ्यांची स्पर्धा असती तर गोळेश्वरच्या माणसाला किती सोपं गेलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शेजारच्या गड्याचं महत्त्व आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पलूस तालुक्यातल्या कुंडलचं कुस्ती मैदान घ्या, किंवा कुठल्याही गावची जत्रा घ्या. गावातल्या गावात दोन पोरं लढली तर लोक टाळ्या वाजवतात. हलगी खरी चढते ती दुसऱ्या गावचा गडी लांग कसून आत उतरला की. त्या गावाशी पाण्यावरून वाद असतो, बांधाचा दावा कोर्टात पडलेला असतो, आणि निम्म्या घरांची सोयरीकही तिथलीच असते. कुस्ती सुटली की जिंकलेला हरलेल्याला हात देतो, दोघंही मैदानाला फेरी मारतात, लोक दोघांच्याही हातात नोटा ठेवतात. दावा कोर्टात तसाच राहतो. पण पुढच्या वर्षी त्या गावचे मल्ल आले नाहीत तर पारावर चर्चा त्याचीच होते. सॅफ स्पर्धांकडे मी अशा नजरेने बघतो.

आणि शीव फार लांबची असली तरी फरक पडत नाही. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या खासबागेत पाकिस्तानातून आलेल्या मल्लांशी लढले. फाळणी झालेली, युद्धं झालेली, आणि तरी तिकडचे पैलवान इकडच्या मातीत येत होते. त्या लढती पाहिलेली म्हातारी माणसं आमच्या भागात अजून भेटतात. पाहुण्या मल्लाच्या ताकदीबद्दल ती इतक्या आदराने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, तो आपल्याच तालुक्यातला होता.

स्पर्धांच्या इतिहासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट तारखांमध्ये आहे. सार्क ही याच सात देशांची संघटना ढाक्यात स्थापन झाली ८ डिसेंबर १९८५ ला. काठमांडूची स्पर्धा त्याच्या सव्वा वर्ष आधीची. म्हणजे राष्ट्रप्रमुखांनी एका टेबलाशी बसून सह्या करण्याआधी या सात देशांची पोरं एका ट्रॅकवर धावून मोकळी झाली होती. सार्कची शिखर परिषद शेवटची भरली ती २०१४ मध्ये, काठमांडूलाच. त्यानंतर ती झालेली नाही. क्रीडा स्पर्धा मात्र २०१६ आणि २०१९ ला झाल्या. खेळ आधी आले आणि बैठका थांबल्यावरही काही काळ चालू राहिले.

चालू राहिले हेही सरळ झालं नाही. सुरुवातीला गाडी बरी होती: १९८५ ढाका, १९८७ कोलकाता, १९८९ इस्लामाबाद, १९९१ कोलंबो, १९९३ पुन्हा ढाका, १९९५ मद्रास. मग खंड पडायला लागले. १९९९ च्या जुलैत कारगिलची लढाई संपली आणि सप्टेंबरच्या अखेरीस भारत-पाकिस्तानचे खेळाडू काठमांडूत एकाच रंगशाळेत होते. साताऱ्याला तेव्हा काय वातावरण असेल ते वेगळं सांगायला नको. सैनिकांचा जिल्हा आहे हा. अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. ज्या घरातला मुलगा सीमेवर होता त्या घराने त्या स्पर्धेची बातमी कशी वाचली असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. वाचली असेल की पान उलटलं असेल, दोन्ही मला समजण्यासारखं आहे.

पुढची स्पर्धा इस्लामाबादची. ती लांबत लांबत २००४ वर गेली आणि तिथे तिचं नावही बदललं. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा हे सुटसुटीत नाव मिळालं, अफगाणिस्तान आठवा देश म्हणून आला. उद्घाटन २९ मार्चला होतं. त्याच दिवशी तिकडे मुलतानला सेहवागने त्रिशतक पूर्ण केलं. भारतीय कसोटी क्रिकेटमधलं पहिलं त्रिशतक. एकाच देशात, एकाच दिवशी, आपले दोन ताफे खेळत होते आणि सांगलीच्या प्रत्येक टीव्हीच्या दुकानासमोर गर्दी होती ती मुलतानसाठी. मीही तीच खेळी डोळे भरून पाहिली, ती होतीच तशी. पण इस्लामाबादला गेलेल्या शेकडो खेळाडूंच्या वाट्याला त्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा तेवढंच आलं आहे.

आपल्याकडे या स्पर्धांकडे दुर्लक्ष होण्याचं कारण उघड आहे. आपण फारच जिंकतो. २०१९ ला काठमांडू-पोखऱ्यात भारताने १७४ सुवर्णपदकं घेतली, यजमान नेपाळने ५१, श्रीलंकेने ४०. एवढा फरक असला की बातमीत दम राहत नाही, असं पत्रकार म्हणतात. मला ते पटत नाही. पदकांची बेरीज हा या स्पर्धांचा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. तिथून नजर काढली की किती काही दिसतं.

फुटबॉलच बघा. पहिल्या स्पर्धेत नेपाळने अंतिम सामन्यात बांगलादेशला ४-२ असं हरवलं, घरच्या प्रेक्षकांसमोर. २०१९ पर्यंतच्या तेरा स्पर्धांत पुरुषांच्या फुटबॉलचं सुवर्ण नेपाळने चारदा, पाकिस्तानने चारदा, भारताने तीनदा आणि बांगलादेशने दोनदा नेलं. २०१६ ला गुवाहाटीत, आपल्याच अंगणात, नेपाळने आपल्याला २-१ ने हरवलं. १४० कोटी आणि ३ कोटी हा हिशेब मैदानात अकराला अकरा असा होतो.

किंवा गुवाहाटीतलीच बांगलादेशची माबिया अख्तर. वेटलिफ्टिंगच्या ६३ किलो गटात सुवर्ण जिंकून ती सर्वांत वरच्या पायरीवर उभी राहिली, राष्ट्रगीत सुरू झालं आणि सलामीचा हात कपाळाशी तसाच ठेवून ती रडत राहिली. तो व्हिडिओ मी आजही बघतो. कराचीच्या कोरंगी भागात, एका खोलीच्या घरात वाढलेली नसीम हमीद २०१० ला ढाक्यात शंभर मीटर ११.८१ सेकंदांत धावली आणि दक्षिण आशियातली सगळ्यात वेगवान मुलगी ठरली. मालदीवचा हसन साईद २०१९ ला १०.४९ सेकंदांत शंभर मीटर जिंकला. पहिल्या स्पर्धेपासून येत असलेल्या त्या देशाला पस्तीस वर्षांनी मिळालेलं ते सोनं. मालदीव किंवा भूतानच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये पदकाच्या आसपास जायला आणखी किती पिढ्या लागतील कोण जाणे. आपलं राष्ट्रगीत वाजताना ऐकण्याची त्यांची खरीखुरी शक्यता इथेच आहे. म्हणून आपल्या १७४ पेक्षा त्यांच्या एकाची बातमी मोठी असायला हवी होती.

२०१६ ची गुवाहाटी स्पर्धा आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवी. पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि तरी पाकिस्तानचा संघ आला. हॉकीत त्यांनी आपल्याला १-० ने हरवलं, कबड्डीचं सुवर्ण आपण एका गुणाने राखलं. भालाफेकीत एक अठरा वर्षांचा मुलगा ८२.२३ मीटर फेकून पहिला आला. नाव नीरज चोप्रा. तिसरा आलेला पाकिस्तानी मुलगा होता अर्शद नदीम. त्यांची ती स्पर्धा बघायला भारतात किती जण बसले असतील? पुढे अर्शदने २०१९ च्या काठमांडूत ८६.२९ मीटर फेकून टोकियोचं तिकीट काढलं आणि पॅरिसला ९२.९७ मीटरवर ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. नीरज दुसरा. पॅरिसनंतर नीरजच्या आईने अर्शदही आपलाच मुलगा असल्याचं सांगितलं तेव्हा सगळा देश हेलावला. मला त्यात नवल वाटलं नाही. ही दोन पोरं शेजाऱ्यांच्या स्पर्धेत एकमेकांना बघत मोठी झाली होती. चांगला प्रतिस्पर्धी घरात तयार होत नाही, तो शिवेपलीकडून यावा लागतो.

आता आमच्या मातीतल्या खेळांकडे येतो, कारण या स्पर्धांचं सगळ्यात मोठं ऋण तिथे आहे.

कबड्डी १९८५ च्या ढाका स्पर्धेपासून यात आहे. आशियाई स्पर्धेत ती पदकांसाठी खेळली गेली ती १९९० ला, बीजिंगमध्ये. मधली पाच वर्षं कबड्डीला परदेशी संघांसमोर उभं करण्यात सॅफचा मोठा वाटा होता. आणि तिथे आपल्याला सगळं फुकट मिळालं असंही नाही, १९९३ ला ढाक्यात पाकिस्तानने सुवर्ण नेलं. इस्लामपूर, कासेगाव, कराडच्या बाजूला कबड्डी किती खोल रुजली आहे ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आणि दम घुमवणारा आवाज, हे आमच्या गावांचं रोजचं दृश्य. प्रो कबड्डीने त्या पोरांना पैसे आणि नाव दिलं, हे चांगलंच झालं. पण लीगच्या लिलावाआधी तीन दशकं कुणीतरी या खेळाला शेजारच्या देशांच्या वेळापत्रकात जागा करून दिली होती.

खो-खोला तीच जागा मिळायला २०१६ उजाडलं. पुण्यात १९१४ च्या सुमारास ज्या खेळाचे नियम लिहिले गेले, जो सांगली-साताऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक शाळेत खेळला जातो, ज्याला दोन खांब आणि एक मोकळं मैदान यापलीकडे काही लागत नाही, तो शंभर वर्षं बहुतेक आपापसातच खेळला जात होता. गुवाहाटीत तो पहिल्यांदा दक्षिण आशियाई स्पर्धेत आला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारताने सुवर्ण घेतलं. महिला संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे. एके काळी घरात दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं तिने पुढे सांगितलं आहे. २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सरकारी क्रीडा अधिकारी म्हणून ती कामालाही लागली. एका स्पर्धेतला एक खेळ वाढला की एका घरात काय बदलतं, ते या मुलीकडे बघून कळतं.

सांगलीत मी ज्या मैदानाजवळ राहतो तिथे मुलींचा खो-खोचा सराव चालतो. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आई-बापांच्या पोरी. गुडघे सोललेले, वेण्या वर बांधलेल्या, खांबावर सूर मारताना जीव खालीवर व्हावा असा वेग. एकदा सराव संपल्यावर पाणी पीत बसलेल्या एका मुलीशी बोलत होतो. राज्याच्या संघात यायचं हे तिचं ठरलेलं होतं. मी विचारलं, आणि त्यापुढे?

“त्यापुढं नेपाळच्या पोरींबरोबर खेळायचंय काका. त्या लई चपळ आहेत म्हणत्यात. आमच्या ताईंनी व्हिडिओ दाखवला. एकीनं तीन मिनिटं पळती केली.”

मला त्या उत्तराचा फार आनंद झाला. माझ्या पिढीच्या खो-खोच्या पोरींना प्रतिस्पर्धी म्हणजे पुण्याच्या, ठाण्याच्या, फार तर केरळ-कर्नाटकाच्या. ‘नेपाळच्या पोरी’ हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. २०१९ ला महिलांच्या अंतिम सामन्यात भारतासमोर नेपाळच होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत पुन्हा नेपाळ. आपण दोन्ही जिंकलो, पुरुषांचा निकाल ५४-३६ होता. नऊ वर्षांत शेजारी इतके पुढे आले. ते पुढे आले म्हणूनच विश्वचषक भरवता आला, नाहीतर तो महाराष्ट्र विरुद्ध बाकीचा भारत असाच झाला असता.

याची उलटी बाजूही आहे, आणि तिचा चटका साताऱ्याला बसला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०१९ च्या जूनमध्ये जागतिक तिरंदाजी स्पर्धेत भारताच्या रौप्य जिंकणाऱ्या संघात होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या तिरंदाजी संघटनेवर जागतिक संघटनेने निलंबन आणलं, आणि डिसेंबरातल्या काठमांडू-पोखरा स्पर्धेत आपले तिरंदाज नव्हतेच. बांगलादेशने तिरंदाजीतली दहाच्या दहा सुवर्णपदकं घेतली. ती त्यांनी मेहनतीने मिळवली, त्यात शंका नाही. पण त्या मुलांनाही समोर भारताचे धनुष्य हवे होते, असं मला मनापासून वाटतं. दहा सुवर्णांतलं एखादं जरी सरडेच्या पोराला हरवून आलं असतं तर त्याची किंमत त्यांना वेगळी वाटली असती. आता तर साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी, २०२३ ला, बर्लिनमध्ये जागतिक विजेतेपद घेतलं आहे. ढाक्याची एखादी मुलगी तिचे व्हिडिओ नक्की बघत असणार. त्या दोघींची गाठ शेजाऱ्यांच्या स्पर्धेत पडायला हवी.

पण ती पडणार कुठे? चौदावी स्पर्धा पाकिस्तानात व्हायची आहे. आधी २०२१ ठरलं होतं. मग तारखा पुढे गेल्या, पुन्हा पुढे गेल्या. अफगाणिस्तान २०१६ नंतर बाहेर पडलाच होता. या ढकलाढकलीची कारणं मला कळतात. सीमेवर माणसं मरतात तेव्हा खेळाचं बोलायला जीभ धजत नाही, आणि ज्यांच्या घरात तिरंग्यात गुंडाळलेला देह आला त्यांच्यासमोर मी खेळाची बाजू मांडायला जाणार नाही. मात्र स्पर्धा लांबली की नुकसान कोणाचं होतं, हेही स्पष्ट दिसायला हवं. नीरज-अर्शदचं होत नाही, त्यांना सगळं जग मोकळं आहे. क्रिकेटवाल्यांचं तर नाहीच नाही. नुकसान होतं थिंफूच्या मुष्टियोद्ध्याचं, मालेच्या धावपटूचं, पोखऱ्याच्या आणि कुपवाडच्या खो-खोच्या पोरीचं. खो-खोत सूर मारण्याचं वय सतरा ते पंचविशी. २०१९ ला जी एकोणीस वर्षांची होती आणि थोडक्यात संघात आली नव्हती, तिचं खेळण्याचं वय पुढच्या स्पर्धेची वाट बघण्यात संपत आलं.

काठमांडूची दशरथ रंगशाळा २०१५ च्या भूकंपात तडकली होती. नेपाळने ती दुरुस्त केली आणि चार वर्षांनी तिथेच शेजाऱ्यांना बोलावलं. त्या देशाची ऐपत आणि त्याच्यावर कोसळलेलं संकट बघितलं तर ही केवढी जिद्द आहे. २०१९ च्या ऑगस्टात महापुराने सांगलीची मैदानं चिखलाखाली गेली होती. ती पुन्हा खेळण्याजोगी करायला काय कष्ट पडतात, ते आम्ही बघितलं आहे.

पाकिस्तानात जमत नसेल तर काठमांडू, कोलंबो, ढाका, गुवाहाटी आहेत, या सगळ्यांनी स्पर्धा भरवून दाखवल्या आहेत. आमच्या म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडा संकुलही आहे. आळीपाळीचा हट्ट थोडा बाजूला ठेवला तर खेळाडूंची वर्षं वाचतील. आणि ठरलीच स्पर्धा, तर भारताने दुय्यम संघ पाठवायची सवय सोडावी. गुवाहाटीच्या हॉकीत पाठवला होता तसा नको. नेपाळ, भूतान, मालदीवची पोरं आपल्या चांगल्यात चांगल्या गड्याशी खेळायला येतात. तो त्यांच्यासमोर उभा करणं आपलं कामच आहे.